कोपर तुटतं, पगार चालूच राहतो: बेसबॉलमधले अवाढव्य करार आणि पिचरच्या दुखापती

बेसबॉलच्या २०२५ च्या वर्ल्ड सिरीजची (म्हणजे सीझनच्या सात मॅचच्या फायनलची) सहावी मॅच ३१ ऑक्टोबरला टोरंटोत झाली आणि त्यात लॉस एंजेलिस डॉजर्सच्या योशिनोबू यामामोतोने ९६ बॉल टाकले. एवढे बॉल टाकलेला पिचर (आपल्याकडचा बॉलर) साधारण चार-पाच दिवस मॅचमध्ये उतरत नाही, हा दुसऱ्याच दिवशी सातव्या मॅचमध्ये परत उभा राहिला, शेवटचे आठ आउट त्यानेच काढले आणि डॉजर्स ११ व्या इनिंगमध्ये ५-४ ने जिंकले (मॅच नऊ इनिंगची असते, बरोबरी झाली की पुढे वाढते). लॉस एंजेलिसमध्ये जल्लोष झाला. पण ज्या फॅन्सना हिशोबाची सवय आहे त्यांच्या मनात लगेच दुसरी गोष्ट आली, की या माणसाचा करार १२ वर्षांचा आणि ३२.५ कोटी डॉलरचा आहे, त्यातली दोनच वर्षं झालीत, आणि उजवं कोपर एकच आहे.

अमेरिकेत राहणारे आपले बरेच मराठी लोक हल्ली बेसबॉल बघायला लागलेत, आणि क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला यात दोन गोष्टी हमखास बुचकळ्यात टाकतात. एक म्हणजे तिशी ओलांडलेल्या खेळाडूला दहा-दहा वर्षांचे करार देतातच कसे. आणि दुसरी, सगळे पिचर सारखे सर्जरीलाच कसे जातात. दोन्हीचं उत्तर एकमेकांत गुंतलंय, म्हणून एकत्रच सांगतो.

आधी पगाराची पद्धत

आयपीएलमध्ये २०२४ च्या ऑक्शनला ऋषभ पंतला २७ कोटी रुपये मिळाले तेव्हा आपल्याकडे किती चर्चा झाली. त्याच्या पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क मेट्सनी हुआन सोतोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले, म्हणजे वर्षाला ५.१ कोटी डॉलर, रुपयात चारशे कोटींच्या वर, आणि तेही दर वर्षी. एक लक्षात घ्या की बेसबॉलमधला करार पूर्ण गॅरंटीड असतो. खेळाडू जखमी झाला, फॉर्म गेला, बेंचवर बसला, टीमने काढून टाकला, तरी शेवटच्या डॉलरपर्यंत पैसे द्यावेच लागतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये असं नाही, तिथे बरेच करार मधेच तोडता येतात.

पण हे मोठे पैसे मिळायच्या आधी खेळाडू सहा वर्षं टीमच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगारावर, जो २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या मार्गाने वाढत जातो. सहा पूर्ण झाली की तो फ्री एजंट होतो, म्हणजे कुठल्याही टीमशी बोलणी करायला मोकळा. (हा हक्क काही आपोआप मिळालेला नाही, डिसेंबर १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरच्या केसमध्ये लवादाने निकाल दिला तेव्हा कुठे ही वाट उघडली. त्याआधी टीमची इच्छा असेल तर खेळाडू जन्मभर तिचाच.)

आता गणित करा. मुलगा तेवीस-चोविसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये (म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये) येतो, सहा वर्षं जातात, म्हणजे मोकळा होईपर्यंत तो एकोणतीस-तीसचा झालेला असतो. आणि बॅटरचा सगळ्यात चांगला काळ साधारण २६ ते २९. म्हणजे ज्या वर्षांत तो सगळ्यात जास्त देतो त्या वर्षांत त्याला सगळ्यात कमी मिळतं आणि मोठा चेक हातात येतो तेव्हा उतार सुरू व्हायला आलेला असतो. पॉल स्कीन्सचं बघा, २०२५ मध्ये त्याने नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम पिचरचा साय यंग अवॉर्ड जिंकला आणि त्या वर्षीचा त्याचा पगार ९ लाख डॉलरच्या आत होता. सोतोला सव्विसाव्या वर्षीच एवढी रक्कम मिळाली कारण तो एकोणिसाव्या वर्षीच मेजर लीगमध्ये आला होता, असे फार थोडे.

मग म्हाताऱ्या खेळाडूला दहा वर्षांचा करार कशाला?

टीम चालवणाऱ्यांना हे कळत नाही असं बिलकुल नाही, त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. करार करतानाच त्यांना माहीत असतं की शेवटची चार-पाच वर्षं वाया जाणार. कोकणात व्यापारी मोहोर बघून आंब्याची बाग कराराने घेतात तसंच आहे हे, पैसे आज ठरतात, फळ किती धरणार ते नंतर कळणार आणि घेणारे चार जण असतील तर ज्याचा अंदाज सगळ्यात चढा त्यालाच बाग मिळणार.

याशिवाय एक तांत्रिक कारण आहे आणि तेच खरं महत्त्वाचं. बेसबॉलमध्ये पगारावर सक्तीची कमाल मर्यादा नाही, त्याऐवजी लक्झरी टॅक्स आहे, म्हणजे टीमचा एकूण पगार एका रेषेच्या वर गेला तर वरच्या रकमेवर लीगला दंड भरायचा. २०२६ साठी ही रेषा २४.४ कोटी डॉलरची. पहिल्यांदा ओलांडली तर २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०, आणि फारच वर गेलं तर त्यावर आणखी. हा दंड त्या वर्षी प्रत्यक्ष दिलेल्या पगारावर मोजत नाहीत, कराराच्या वार्षिक सरासरीवर मोजतात. म्हणून तीच रक्कम जास्त वर्षांवर पसरली की दर वर्षीचा आकडा खाली येतो. फिलाडेल्फियाने २०१९ मध्ये ब्राइस हार्परला १३ वर्षांसाठी ३३ कोटी दिले, सरासरी पडली अडीच कोटींच्या आसपास. तेच पैसे आठ वर्षांत द्यायचे ठरले असते तर सरासरी चार कोटींच्या वर गेली असती. शेवटच्या वर्षांत हार्पर तसाच खेळेल अशी कोणाचीच अपेक्षा नाही, ती वर्षं म्हणजे आधीच्या वर्षांचे हप्ते आहेत.

डॉजर्सचाच शोहेई ओहतानी, जो बॅटिंगही करतो आणि पिचिंगही, त्याचा करार याच्याही पुढचा. १० वर्षं, ७० कोटी डॉलर, पण दर वर्षी हातात फक्त २० लाख, बाकी दर वर्षीचे ६ कोटी ८० लाख पुढे ढकललेले, ते २०३४ ते २०४३ मध्ये बिनव्याजी मिळणार. दहा वर्षांनंतर मिळणाऱ्या डॉलरची आजची किंमत कमी, म्हणून टॅक्सच्या हिशोबात त्याचा आकडा ७ कोटींऐवजी साधारण ४.६ कोटी धरला जातो. बाकीच्या टीमचे फॅन यावर चिडतात पण हे नियमात बसतं, आणि पैसे पुढे ढकलायची पद्धत जुनीच आहे. बॉबी बोनियाला मेट्स २०११ पासून दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार डॉलर देतायत, २०३५ पर्यंत देणार, आणि त्याची मेजर लीगमधली शेवटची मॅच २००१ मधली.

हे नेहमी फसतंच का?

नाही. पण फसतं तेव्हा दहा वर्षं फसतं. आल्बर्ट पुहोल्सने सेंट लुईसमध्ये ११ सीझनमध्ये ४४५ होम रन (आपल्या सिक्ससारखे) मारले, बॅटिंग अ‍ॅव्हरेज .३२८, म्हणजे शंभर प्रयत्नांत साधारण ३३ यशस्वी फटके. डिसेंबर २०११ मध्ये एंजल्स या टीमने त्याला १० वर्षांसाठी २४ कोटी दिले, तेव्हा तो बत्तिशीला टेकला होता. एंजल्सकडून त्याचं अ‍ॅव्हरेज पडलं .२५६, आणि त्या दहा वर्षांत टीम प्लेऑफला गेली एकदाच, २०१४ मध्ये, तिथेही एक मॅच जिंकली नाही. माइक ट्राउटसारखा पिढीतला सर्वोत्तम खेळाडू त्याच टीममध्ये असताना हे झालं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

वयस्क रोस्टरचं (रोस्टर म्हणजे मॅचसाठी उपलब्ध २६ जणांची यादी) सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे २०२३ चे मेट्स. मॅक्स शेर्झर आणि जस्टिन व्हरलँडर, दोघंही चाळिशीच्या घरातले, दोघांनाही वर्षाला ४.३ कोटी डॉलरच्या वर. सीझन अर्धा झाल्यावर दोघांनाही दुसऱ्या टीमना देऊन टाकलं आणि मेट्स ७५ जिंकून ८७ हरले.

उलट बाजूही सांगायला हवी. फ्रेडी फ्रीमनने ३६ व्या वर्षी २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तिसरी मॅच १८ व्या इनिंगमध्ये होम रन मारून संपवली. व्हरलँडरने कोपराच्या सर्जरीनंतर ३९ व्या वर्षी साय यंग जिंकला. वय हा सरासरीचा नियम आहे, एकेका माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही, आणि टीम नेमक्या याच आशेवर पैसे लावतात.

आता कोपराकडे

पिचर उभा असतो तिथून बॅटरची होम प्लेट १८.४४ मीटरवर असते. ९५ मैलांचा, म्हणजे ताशी १५३ किलोमीटरचा बॉल तिथे पोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. क्रिकेटमध्ये बॉलरला हात जवळपास सरळ ठेवावा लागतो, कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर तो बॉल बेकायदेशीर. म्हणून आपल्या फास्ट बॉलरची पाठ जाते, बुमराहचं आपण बघितलंच आहे. पिचरला असा नियम नाही, धावत यायचीही सोय नाही, सगळा वेग पाय, कंबर, खांदा असं करत शेवटी वाकलेल्या कोपरातून बाहेर फेकला जातो. कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचं हाड आणि हाताचं हाड बांधून ठेवणारी एक छोटी चिवट पट्टी असते, लिगामेंट म्हणतात तिला, आणि सगळा ओढा तिच्यावर येतो. फास्टबॉल टाकताना कोपरावर जेवढा ताण येतो तेवढा सगळा एकट्या त्या पट्टीवर दिला तर ती तुटेल, हे लॅबमध्ये मोजलेलं आहे. आजूबाजूचे स्नायू भार वाटून घेतात म्हणून ती टिकते. स्नायू थकले की भार पट्टीवर. आणि स्नायू व्यायामाने वाढवता येतात, ही पट्टी काही त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे माणूस जितका ताकदवान होत जातो तितकी ती मागे पडत जाते.

१९७४ पर्यंत ही पट्टी तुटली की करिअर संपलं. त्या वर्षी डॉजर्सच्या टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरचं कोपर गेलं, डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला त्याच्या दुसऱ्या हातातला टेंडन काढून तुटलेल्या पट्टीच्या जागी बसवला. तो १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला, सर्जरीनंतर १६४ मॅच जिंकला. तेव्हापासून सर्जरीचंच नाव टॉमी जॉन पडलं. आज परत यायला साधारण १२ ते १८ महिने लागतात आणि मेजर लीगमधले दहातले साधारण आठ पिचर परत येतात.

हे ऐकून बऱ्याच आईवडिलांना, पोरांना वाटतं की सर्जरी केली की हात आधीपेक्षा मजबूत होतो. तसं काही नाही. वर्षभराच्या शिस्तीच्या व्यायामाने शरीर सुधारतं, त्या वयात पोरगं तसंही वाढत असतं, त्याचं श्रेय सर्जरीला जातं. ओहतानीचं कोपर २०१८ मध्ये एकदा आणि २०२३ मध्ये पुन्हा दुरुस्त करावं लागलं. जेकब डीग्रॉम या पिचरचंही दोनदा.

एवढ्या दुखापती आत्ताच का वाढल्या?

कारण वेग. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये एक मोठा रिपोर्ट काढला, त्यात फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ९१.३ मैल होता तो २०२४ मध्ये ९४.२ झाला असं आहे, आणि पिचर जखमींच्या यादीत जाण्याचं प्रमाण २००५ मध्ये २१२ वेळा होतं ते २०२४ मध्ये ४८५. तीन मैल ऐकायला थोडे वाटतात, पण हे सरासरीचे आहेत, म्हणजे सगळेच्या सगळे पिचर आपल्या हाताच्या कमाल मर्यादेजवळ जाऊन टाकतायत, दर बॉलला. शिवाय बॉलची फिरकी वाढवायचा अट्टहास. आता हायस्पीड कॅमेरे आहेत, क्रिकेटमधलं हॉक-आयच २०२० पासून मेजर लीगच्या मैदानांवर बसवलंय, त्यामुळे कुठल्या बोटाच्या पकडीने किती फिरकी मिळते हे लगेच कळतं आणि पिचर त्याच्या मागे लागतो.

पिचरला हळू टाक म्हणून सांगायचं तर सांगणार कोण? वेग वाढला की बॅटरचे आकडे पडतात, हे प्रत्येक टीमला माहीत आहे. ९२ वर टाकणाऱ्या पोराला कोणी घेत नाही, ९८ वर टाकणाऱ्याला करार मिळतो. कोपर तुटलं तर टीमकडे पुढचा ९८ वाला तयार असतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते, की मोठा करार मिळेपर्यंत धोका पूर्ण खेळाडूच्या अंगावर आहे आणि तो धोका पत्करल्याशिवाय त्याला आत येताच येत नाही.

पण जुने पिचर तर एका सीझनमध्ये ३०० इनिंग टाकायचे

हा आक्षेप प्रत्येक जुना फॅन घेतो आणि नोलन रायनचं नाव येतं, २७ सीझन, ५,७१४ स्ट्राइकआउट (पिचरने बॅटरला बॉल नीट मारूच न देता काढलेले आउट), ४६ व्या वर्षापर्यंत. रायन खरंच अद्भुत होता. पण तो अपवाद होता म्हणूनच आपल्याला आठवतो आणि त्याचाही शेवट १९९३ मध्ये कोपराची हीच पट्टी तुटून झाला. सँडी कूफॅक्सने १९६६ मध्ये ३२३ इनिंग टाकल्या, २७ मॅच जिंकल्या आणि कोपराच्या संधिवातामुळे ३० व्या वर्षी खेळ सोडला. त्या काळात ज्यांचे हात गेले त्यांच्याकडे एमआरआय नव्हतं, निदान नव्हतं, ते गावी परत गेले आणि त्यांची नावं कुठल्याच यादीत आली नाहीत.

दुसरं, तेव्हा प्रत्येक बॉल जीव तोडून टाकावा लागत नसे. नॅशनल लीगमध्ये २०२२ पर्यंत बहुतेक काळ पिचर स्वतःच बॅटिंगला यायचा, म्हणजे नऊ बॅटरपैकी एक तर जवळपास फुकटचा आउट, तिथे हाताला विश्रांती. आता नऊच्या नऊ बॅटर होम रन मारू शकतात.

काही जण पिच क्लॉकला दोष देतात. २०२३ पासून पिचरला ठराविक सेकंदात बॉल टाकावा लागतो, बेसवर (म्हणजे धाव काढायच्या वाटेवर) कोणी नसेल तर १५. एप्रिल २०२४ मध्ये एकापाठोपाठ मोठे पिचर जखमी झाले तेव्हा खेळाडूंच्या युनियनने यावरच बोट ठेवलं, लीगने ते नाकारलं. माझं मत असं की दोन बॉलमधली विश्रांती कमी झाल्याने थकवा थोडा वाढत असेलही, पण दुखापतींचा आलेख घड्याळ यायच्या कितीतरी आधीपासून चढतोय, त्यामुळे मूळ तिथे नाही.

मग पिचरला एवढे पैसे देतातच का?

स्टीफन स्ट्रासबर्ग २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) होता, लगेच वॉशिंग्टनने त्याला ७ वर्षांसाठी २४.५ कोटी दिले. त्यानंतर तो एकूण आठ मॅचमध्ये पिच करू शकला. मान-खांद्याजवळ नसा दाबल्या जाण्याचा आजार निघाला, सर्जरी झाली, हात परत आला नाही, २०२४ मध्ये निवृत्ती. फॅन त्याला शिव्या घालायचे ते वाचून मला फार त्रास व्हायचा, त्याच हाताने त्याने वॉशिंग्टनला तो कप मिळवून दिला होता. डीग्रॉमला टेक्सासने ५ वर्षांसाठी १८.५ कोटी दिले, तो सहा मॅच खेळून सर्जरीला गेला. टेक्सासने त्याच वर्षी त्याच्याशिवाय वर्ल्ड सिरीज जिंकली. आणि २०२५ मध्ये तोच डीग्रॉम पूर्ण सीझन उत्तम खेळला. गेरिट कोलचा करार ९ वर्षांचा, ३२.४ कोटींचा, २०२५ चा अख्खा सीझन टॉमी जॉनमुळे गेला.

तरी देतात, कारण ऑक्टोबरमध्ये, म्हणजे प्लेऑफ आणि वर्ल्ड सिरीजच्या दिवसांत, एक खरा चांगला पिचर मॅच फिरवतो. श्रीमंत टीमनी यावर आपला मार्ग काढलाय, पिचर जखमी होणार हे गृहीतच धरायचं आणि गरजेपेक्षा दुप्पट घेऊन ठेवायचे. डॉजर्सनी ब्लेक स्नेलला १८.२ कोटी दिले, तो एप्रिलमध्ये खांद्याने गेला तो ऑगस्टमध्ये आला, ग्लासनोही मधे बराच काळ बाहेर, सासाकीचा खांदा, ओहतानी जूनपर्यंत पिचिंगच करत नव्हता. सगळे ऑक्टोबरला हजर. पिट्सबर्ग किंवा कॅन्सस सिटीला हे परवडणारं नाही, त्यांचा एक पिचर गेला की सीझन गेला. म्हणूनच आता पगारावर सक्तीची मर्यादा हवी अशी मागणी आहे, खेळाडूंच्या युनियनचा तिला कडवा विरोध आहे, आणि सध्याच्या सामूहिक कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंतच आहे. मागच्या वेळी मुदत संपली तेव्हा मालकांनी ९९ दिवस टाळं लावलं होतं. मर्यादा आणायचीच तर पहिल्या सहा वर्षांचा पगारही सोबत वाढवायला हवा असं मला वाटतं, नाहीतर तरुणपणी कमी आणि नंतरही कमी असं होईल, आणि त्या सहा वर्षांतच कोपर गेलं तर काहीच नाही.

घरातलं पोरगं लिटल लीग (लहान मुलांचं बेसबॉल) खेळत असेल तर

न्यू जर्सी, बे एरिया, टेक्सास, जिथे जिथे आपली कुटुंबं आहेत तिथे मुलं हा खेळ खेळतायत, त्यांच्यासाठी हा भाग. अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या २००६ च्या अभ्यासात जी मुलं हात थकलेला असतानाही नेहमी पिच करत होती त्यांना सर्जरी लागण्याची शक्यता ३६ पट निघाली, आणि वर्षातले आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ पिच करणाऱ्यांना ५ पट. म्हणून मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून पिच स्मार्ट नावाचे नियम काढलेत. ९-१० वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ७५ बॉल, ११-१२ ला ८५, १३-१४ ला ९५, किती टाकले त्यावर मग किती दिवस विश्रांती तेही ठरलेलं, आणि १२ वर्षांपर्यंत वर्षातले किमान चार महिने पिचिंगच काय, काहीच फेकायचं नाही.

या आकड्यांमध्ये एक गोची आहे. शाळेचा कोच फक्त शाळेच्या टीमचे बॉल मोजतो, वीकेंडच्या ट्रॅव्हल टीमचा कोच फक्त त्याचे, आणि खाजगी ट्रेनरकडे रडार गनसमोर टाकलेले तर कोणीच मोजत नाही. तिन्हींची बेरीज घरी करायची, आणि पोरगं कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणालं की त्या दिवशी बॉल हातात द्यायचा नाही, फायनल असली तरी.